वडिलांना शुगर निघालीये, आपलं नाशिकचं घरचं जेवण ठेवून कंट्रोल होईल का? भाकर, भात, द्राक्षं, मिसळ सगळंच विचारायचंय

इंदिरानगरची लेक:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६१, मूळचे निफाड तालुक्यातले, रिटायर झाल्यापासून आमच्याकडे इंदिरानगरला असतात. मागच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं तर फास्टिंग १७८, जेवणानंतरची २६४ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.६ आलं. त्यांना स्वतःला काहीच त्रास जाणवत नव्हता, रात्री दोन-तीनदा लघवीला उठायचे तेवढंच, ते आम्ही वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी शुगरची गोळी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दिलीये आणि तीन महिन्यांनी परत एचबीएवनसी करायला सांगितलंय. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, बीपीची गोळी आधीपासून चालू आहे.

आता खरा प्रश्न जेवणाचा. आम्हाला एक छापील चार्ट मिळाला, त्यात ओट्स, किनोआ, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट असलं सगळं. अण्णांनी जन्मभर बाजरीची भाकर, मेथीची नाहीतर हरभऱ्याची भाजी, उडदाचं वरण, ठेचा हेच खाल्लंय. ओट्सचा बाऊल समोर ठेवला की दोन चमचे खातात आणि बाजूला सारतात, मग अकरा वाजता चहा आणि टोस्ट मागतात. सगळे भाकरी खाताना त्यांनी एकट्याने ते पांढरं काहीतरी खायचं हे मलाच बघवत नाही हो. त्यात नातेवाईकांचे फोन, एक म्हणतो भात आयुष्यात परत बघायचा नाही, दुसरा म्हणतो गूळ चालतो साखर नको, तिसरा म्हणतो नागली खा कितीही खा. गावाकडून चुलतभावाने द्राक्षांचं क्रेट पाठवलंय ते ओट्यावर तसंच पडलंय, संक्रांत तोंडावर आहे, आणि दर रविवारी मित्रांबरोबर गंगापूर रोडला मिसळ खायला जायचा त्यांचा नेम आहे तो मोडायला सांगायचं माझ्या जिवावर आलंय. ज्यांच्या घरी हे रोज चालू आहे त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही नक्की काय शिजवता?

सिडकोची काकू:

अगं बाई, आधी ते ओट्स बंद कर आणि अण्णांना सगळ्यांबरोबर पंगतीत बसव. आमच्या ह्यांना बरीच वर्षं शुगर आहे, अंबडला कंपनीत होते तेव्हा तिन्ही शिफ्ट करायचे, रात्री दोनला डबा खायचा म्हणजे काय हाल असतील बघ. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवलीये, शुगरवाल्याचं वेगळं ताट करायचं नाही, घरात सगळ्यांचं ताट बदलायचं. वेगळं ताट असलं की माणूस आजारी असल्यासारखा वागतो आणि मग चोरून खातो, हे मी सासरे, दीर, हे अशा तिघांत बघितलंय.

आता भाकरीचं सांगते. ज्वारी-बाजरी शुगरला चांगली म्हणून आमच्याकडे दोन-दोन भाकरी चालायच्या आणि तरी जेवणानंतरची दोनशेच्या वर. मग लेकीने वजनकाटा आणून दिला, बेकिंगसाठी घेतलेला तिचा, त्यावर मी एका भाकरीचं कोरडं पीठ ठेवलं तर ७० ग्रॅम भरलं. पोळीचं ठेवलं तर ३० ग्रॅम! म्हणजे एक भाकर खाल्ली की दोन पोळ्या खाऊन वर थोडी झाली, आणि हे तर दोन भाकरी खात होते वर भात. आता मी ३५ ग्रॅमची छोटी भाकर थापते, परातीत हाताला सवय झालीये, काटा लागत नाही. पण तू सुरुवातीला काटा वापरच, डोळ्यांच्या अंदाजाने पीठ घेतलं की ते रोज थोडं थोडं वाढत जातं.

ताट असं, अर्धं ताट पालेभाजी फळभाजी आणि काकडी मुळा टोमॅटोची कोशिंबीर, बटाटा त्यात धरायचा नाही. पाव ताट मटकीची नाहीतर चवळीची उसळ, हुलगे, पिठलं, घट्ट वरण. उरलेल्या पाव ताटात भाकर नाहीतर भात. आणि बसल्या बसल्या पहिला घास भाकरीचा नाही, आधी कोशिंबीर आणि भाजी अर्धी संपवायची मग भाकर मोडायची. ह्यांनी पहिल्यांदा कुरकुर केली, आता स्वतःच आधी मुळा मागतात. थंडीत शेंगोळे करते मी हुलग्याच्या पिठाचे, लसूण घालून झणझणीत, त्या दिवशी भाकर अर्धीच. अण्णा निफाडचे आहेत तर त्यांना शेंगोळे नक्की आवडत असणार.

आणि चहा! तो कुणी मोजत नाही. दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम, चार कप झाले की ४० ग्रॅम साखर नुसती चहातून. आम्ही हळूहळू अर्धा चमचा करत बिनसाखरेवर आलो, आलं-गवती चहा जास्त टाकायचा. टोस्ट-खारी घरात आणूच नको, भूक लागली तर मूठभर भाजलेले शेंगदाणे नाहीतर फुटाणे.

पंचवटीकर:

ताई, माझ्या अनुभवावरून सांगतो. रोज सकाळी अनशापोटी कारल्याचा रस अर्धा ग्लास आणि जांभळाच्या बियांची पावडर एक चमचा कोमट पाण्यातून, भात आणि गोड कायमचं बंद, पहाटे रामकुंडापासून पुढे गोदाकाठाने तासभर चालणं. माझी फास्टिंग ११० च्या आत आलीये. आमच्या गल्लीत एकांनी तर याच्यावरच गोळी बंद केली. केमिकलच्या गोळ्या जन्मभर घेण्यापेक्षा आपला निसर्ग बरा असं माझं स्पष्ट मत आहे. तळमळीने सांगतोय, राग मानू नका.

नाशिकरोड आहारतज्ज्ञ:

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस करते, रोज हेच प्रश्न येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पंचवटीकर दादा, तुमचं चालणं आणि गोड बंद करणं यानेच बहुतेक काम झालंय आणि ते खरंच चांगलं केलंत. कारलं भाजीत खा, मेथीदाणे भिजवून खा, मेथीतल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे साखर रक्तात हळू जाते हे खरंय. पण त्यावर गोळी बंद करणं हे कुणीही करू नका, ८.६ असताना तर नाहीच. तुमच्या गल्लीतले जे कोणी आहेत त्यांना एकदा एचबीएवनसी करायला सांगा, ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, एका सकाळची फास्टिंग चांगली आली म्हणून दिवसभर चांगली असते असं नाही.

आता ताई तुमच्या घरातलं. कुठलंही धान्य घ्या, गहू, ज्वारी, बाजरी, नागली, १०० ग्रॅम पिठात साधारण ६० ते ७० ग्रॅम कार्ब, म्हणजे ज्याची पोटात साखर होते ते पिष्ट, असतात. तांदळात ७८ च्या आसपास. म्हणजे नागली कितीही खा हे म्हणणं चुकीचंच आहे, पोटात गेल्यावर शेवटी ग्लुकोजच होतं. फरक पडतो तो तंतूंचा, बाजरी आणि नागलीत १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास, पॉलिश तांदळात तीनसुद्धा नाही. म्हणून भाकरीने साखर सावकाश चढते, पण भाकरी मोठी असेल तर चढते ती चढतेच. काकूंनी काटा वापरला ना, माझ्या अख्ख्या चार्टपेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे. नागलीचं आणखी एक, तिची पातळ पेज किंवा सत्त्व करून प्यायलं तर भाकरीपेक्षा पटकन साखर वाढवतं, कारण दळून शिजवून पचनाचं अर्धं काम आपण आधीच करून ठेवलेलं असतं. आणि दुकानात मधुमेहींसाठी म्हणून जे मल्टिग्रेन पीठ आणि शुगर फ्री बिस्किटं मिळतात त्यांना भुलू नका, साखर नसली तरी मैदा आणि पीठ आहेच त्यात.

भात अजिबात बंद करायची गरज नाही. शिजवलेला अर्धी वाटी, शेवटी, घट्ट आमटीबरोबर, आणि ज्या वेळेला भात त्या वेळेला भाकर अर्धी. पूर्ण बंद केला की दोन महिन्यांनी माणूस कंटाळून सगळंच सोडतो, हे मी फार बघते. गूळ, मध, खडीसाखर हे सगळे साखरेचेच भाऊबंद, गुळात बहुतांश साखरच असते त्यामुळे संक्रांतीला तिळगुळाची एक छोटी वडी जेवणानंतर द्या, बरणी समोर ठेवू नका. गुळाची पोळी करणार असाल तर अर्धी, आणि त्या जेवणात भात-भाकर नको.

नाश्त्याला लक्ष द्या. आपल्याकडे पोहे, उपमा, साबुदाणा, पाव, सगळा नाश्ता नुसता कार्बचा आणि सकाळी तर बऱ्याच जणांची साखर तशीही वर असते, रात्री काही न खाता यकृत स्वतःहून ग्लुकोज सोडतं म्हणून. म्हणून रात्री कमी जेवलो तरी फास्टिंग कशी वाढली असं लोक विचारतात आणि घरच्यांवर संशय घेतात! मुगाचं धिरडं, मोड आलेली मटकी परतून, बेसनाचा पोळा भरपूर कोथिंबीर कांदा घालून, अंडं खात असतील तर अंडं, असं करा. पोहे करायचे तर पोहे अर्धे आणि मटार, शेंगदाणे, कोबी अर्धे.

मिसळीचं सांगते, सगळ्यांना वाटतं मी नाही म्हणणार. मिसळीतली मटकी उत्तम आहे, अडचण पाव, फरसाण आणि तेलाच्या तर्रीची आहे. वाढणाऱ्याला सांगायचं मटकी जास्त, फरसाण वेगळं वाटीत, तर्री वरची नको, पाव एकच, सोबत दही. जिलेबी मित्रांना. आणि तिथून लगेच गाडीवर बसायचं नाही, १५ मिनिटं तरी चालायचं, जेवण झाल्यावर थोडं चाललं की स्नायू ती साखर ओढून घेतात, तास दोन तासांनी चालण्यापेक्षा याचा फायदा जास्त दिसतो.

ग्लुकोमीटर घ्याच. पहिल्या घासापासून दोन तास मोजून बघायचं, जेवण संपल्यापासून नाही. साधारण फास्टिंग ८० ते १३०, दोन तासांची १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या खाली हे बहुतेकांचं टार्गेट असतं, पण अण्णांचं नेमकं किती ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी रिपोर्टमध्ये स्पष्ट दिसतं.

पिंपळगावचा बागायतदार:

द्राक्षाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो, माझी थॉमसनची बाग आहे आणि मला स्वतःला शुगर आहे, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल माझी रोजची परीक्षाच असते. डॉक्टरांनी मला हिशेब दिला तो असा की १५ ते १७ लहान मणी म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे ३५ ग्रॅमच्या छोट्या भाकरीच्या साधारण दोन-तृतीयांश एवढे. तेवढेच वाटीत मोजून घ्यायचे आणि घडाला परत हात लावायचा नाही. जेवणावर गोड म्हणून खायचे नाहीत, दुपारी चारच्या सुमाराला सोबत थोडे शेंगदाणे घेऊन खायचे. ज्यूस अजिबात नाही, आणि बेदाणा तर अजून जपून, दोन मोठे चमचे बेदाण्यात तेवढीच साखर बसते आणि ते तोंडात टाकताना कळतसुद्धा नाही. नाहीतर सरळ पेरू खा, तो जास्त बरा. क्रेट शेजाऱ्यांना वाटून टाका ताई, घरात ठेवलं की हात जातोच.

एक महत्त्वाचं, द्राक्षं हाताळून तशाच बोटाने मीटरवर तपासू नका. बागेत काम करून आलो, हात नुसता पुसला आणि तपासलं तर २९० दाखवलं, साबणाने हात धुवून वाळवून दुसऱ्या बोटावर घेतलं तर १५२. बोटाला लागलेला रस पण मीटर मोजतंय. संत्रं सोलल्यावर, तिळगूळ वळल्यावर पण हेच.

आणि साखर कमी होण्याबद्दल पण घरात सगळ्यांना माहिती पाहिजे. माझ्या थोरल्या भावाला ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी चालू आहे, पहाटे बागेत औषध फवारायला गेला, गोळी घेतलेली आणि न्याहारी राहून गेली, तर फवारणीचा ब्लोअर चालू असताना हात थरथरायला लागले, दरदरून घाम, बोलणं तुटक. मीटर ५८. वहिनीने पाण्यात तीन चमचे साखर कालवून पाजली, १५ मिनिटांनी परत तपासलं, ८० च्या वर आल्यावर मग भाकर दिली. ७० च्या खाली गेलं की हेच करायचं, पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. अण्णांना नुसती मेटफॉर्मिन आहे म्हणजे हे सहसा होणार नाही, पण पुढे गोळी बदलली तर लक्षात असू द्या. त्यामुळे ते दोन वेळच जेवायचं डाएट वगैरे आपल्याकडे जोरात आहे ते करायचं असेल तर गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच.

इंदिरानगरची लेक:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. आठवडाभर करून बघितलं आणि आता लिहितेय. काटा काढला, अण्णांची भाकर ८० ग्रॅमची निघाली, ते स्वतः काट्यापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले एवढी? मग आपणहून म्हणाले निम्मी कर. मीटर आणलं. पोह्यांनंतर दोन तासांनी २३१ आणि दुसऱ्या दिवशी मुगाच्या धिरड्यांनंतर १७४ बघितल्यावर त्यांना माझ्यापेक्षा त्या मशीनचं जास्त पटलं. आता वहीत लिहून ठेवतात, काय खाल्लं, किती आली, अगदी तारीख टाकून. चहा अजून पाऊण चमच्यावर अडलाय. मिसळ एक पाव घेऊन खाल्ली आणि मित्रांपैकी दोघांनी तिथेच आपापले आकडे सांगितले म्हणे, इतकी वर्षं एकत्र बसतात आणि एकमेकांना माहितीच नव्हतं.

आता एक शेवटचं. अण्णा दर वर्षी निवृत्तिनाथांच्या यात्रेला, पौष वद्य एकादशीला, नाशिकहून त्र्यंबकेश्वरला दिंडीबरोबर पायी जातात, आणि तो दिवस कडक उपवास असतो. तीस-एक किलोमीटर चालणं आणि वर उपवास, मला भीती वाटतेय. नको जाऊ म्हटलं तर ते मन मारून बसतील आणि त्यांना मी ओळखते. साबुदाणा चालेल का? भगर?

नाशिकरोड आहारतज्ज्ञ:

जाऊ द्या त्यांना, पण आधी डॉक्टरांना भेटून गोळीची त्या दिवसाची वेळ आणि बीपीचं विचारून घ्या, ते मी ठरवू शकत नाही. निर्जळी मात्र नाही, पाणी आणि मीठ घातलेलं ताक घोट घोट घेत राहायचं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्यात ८५ च्या वर कार्ब, त्यात बटाटा पडतो, म्हणजे खिचडीची भरलेली प्लेट झाली की भाताच्या ताटालाही मागे टाकते. भगर पण धान्यच आहे, नाशिकात भगरीच्या गिरण्या आहेत त्यामुळे आपल्याला ती हलकी वाटते, पण माप अर्ध्या-पाऊण वाटीचंच. त्यात शेंगदाण्याची आमटी घट्ट, काकडीची कोशिंबीर दही घालून, राजगिऱ्याची छोटी भाकर, हे जास्त बरं. एकदम पोटभर खाऊन निघण्यापेक्षा थोडं थोडं तीन-चार वेळा. वाटेत जागोजागी चहा-फराळ वाटतात, चहा पाकासारखा गोड असतो, तो नको म्हणायला आधीच सांगून ठेवा.

सिडकोची काकू:

आणि पाय बघ गं त्यांचे. शुगर असणाऱ्याला अनवाणी चालू द्यायचं नाही, दिंडी असली तरी. चांगले वापरातले बूट, नवे कोरे नकोत, सुती मोजे दोन जोड, आणि मुक्कामाला पोचल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी उजेडात बघायच्या, फोड आलाय हे त्यांना स्वतःला कळेलच असं नाही. आमचे हे पण जातात, बरोबर जाऊ देत दोघं. खिशात साखरेची पुडी आणि मीटर, आणि एकाकडे नाव, फोन, कुठली गोळी चालू आहे ते लिहिलेली चिठ्ठी. तुझा नंबर मला मेसेज कर, मी ह्यांच्या दिंडीची निघायची वेळ विचारून सांगते.